रजा विकता येत नाही

ओस्लो,
९ एप्रिल २०२६

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पाच दिवस सुट्टी होती म्हणतीस, मग केलंस काय?" मी म्हणाले, पाणी भरलं, लाकडं फोडली, परसाकडं बाहेर गेले. तुम्ही गप्पच झालात. मग मागून आईचा आवाज आला, "आगं, नोकरी हाय न्हवं अजून तुजी?"

नोकरी आहे. पगारही वेळेवर होतोय. पण जे झालं ते फोनवर सांगून पटण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. तसंही तुम्हाला पत्र दोनदा वाचायला आवडतं, एकदा स्वतःशी आणि एकदा पारावर मोठ्यांदा. पारावर वाचताना संडासाचा मजकूर तेवढा गाळा.

तर ही इथली, नॉर्वेतली, ईस्टरची सुट्टी. गुरुवार ते सोमवार, मधला शनिवारचा थोडा वेळ सोडला तर दुकानांना कुलूप. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते हे मला इथे आल्यावर कळलं. दिवस-रात्र सारखे होऊन गेले की त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमाच. तुम्ही जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीमागे गुलालात न्हात होता, त्याच चंद्राखाली तुमची लेक बर्फात आपटत होती. चांगभलं म्हणायलाही श्वास शिल्लक नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावर मारित बसते. आम्ही दोघी पुलांच्या पायांची गणितं करतो. गेली तीन वर्षं ती मला बोलावतेय आणि मी काहीतरी सबब सांगतेय. यंदा सबब संपली. डोंगरातल्या सुट्टीच्या घराला इथे ह्युत्ते म्हणतात. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या या देशात अशी चार लाखांहून जास्त घरं आहेत. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ओस्लोतून उत्तरेला जाणाऱ्या ई-६ रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीच्या टपावर स्कीची लांब पेटी. मागे राहिलेलं शहर गौरी-गणपतीतल्या आमच्या पुण्याच्या आयटी कंपनीसारखं, नुसते दिवे चालू.

पिशवीत काय न्यायचं हेही ठरलेलं. संत्री. १९३७ पासून मिळणारं एक साधं वेफरचं चॉकलेट, त्याचं नाव क्विक लुन्श. आणि खुनाच्या गोष्टी. हो आप्पा, येशूला क्रूसावर चढवलं त्या आठवड्यात हे लोक खून वाचतात. १९२३ साली एका प्रकाशकानं नव्या रहस्यकथेची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीसारखी छापली, "बर्गनची आगगाडी रात्री लुटली". लोकांना ती खरीच बातमी वाटली. तेव्हापासून ही रूढी पडली ती पडलीच. आता दुधाच्या खोक्यावरसुद्धा ईस्टरच्या दिवसांत छोटी गुन्हेकथा छापलेली असते. आपल्याकडे कुणी हरिनाम सप्ताहात असं काही काढलं तर बघा काय होईल ते.

स्की माझे नव्हते. इथे बूआ म्हणून एक सोय आहे, वाचनालयातून पुस्तक आणावं तसे खेळाचे आणि डोंगरात लागणारे जिन्नस फुकट आणायचे, आठवड्यानं परत करायचे. कुणाला परवडत नाही म्हणून कुणाचं पोर घरी बसू नये, असा त्यामागचा हेतू. मी पोर नाही, पण बाई काही बोलली नाही. पायाचं माप घेतलं, उंची विचारली, दोन पट्ट्या हातात ठेवल्या.

गाडी रस्त्याच्या कडेला ठेवून पुढे चार किलोमीटर स्कीवर जायचं होतं. सामान एका घसरगाडीवर, ती मारितच्या नवऱ्याच्या कमरेला बांधलेली, बैलाला कुळव जुंपावा तशी. हा माणूस हाडांचा सर्जन आहे. मी अकरा वेळा पडले. शेवटी एक सहा वर्षांची पोरगी माझ्या बाजूनं सुळकन गेली, मागे वळली आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुला कुणी शिकवलं नाही का?"

घर दोन खोल्यांचं, लाकडी. वीज नाही. नळ नाही. तळ्यावरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडून भोक पाडायचं, त्यात बादली सोडायची आणि पाणी वर चढावर आणायचं. चूल पेटवायला लाकडं फोडायची. संडास बाहेर, घरापासून चाळीस पावलांवर, दाराला बदामाच्या आकाराचं भोक, आणि आत भिंतीवर राजा-राणीची तसबीर. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली असेल. नाही, तशी प्रथाच आहे म्हणे, अनेकांच्या ह्युत्त्यात राजघराणं तिथेच टांगलेलं असतं आणि त्यात अपमान कुणालाच वाटत नाही.

पहिल्या रात्री मला राग आला, खोटं कशाला सांगू. नळ आला तेव्हा मी पाचवीत होते. आईनं नळाला हळदकुंकू लावलं होतं. त्याआधीचे तिचे हात मला आठवतात, आडाच्या दोरानं तळवे फाटलेले, रात्री खोबरेल लावून बसायची. आणि इथे हा डॉक्टर, ज्याच्या ओस्लोतल्या न्हाणीघराची फरशीसुद्धा गरम असते, दोन बादल्या घेऊन चढ चढतो, धापा टाकतो आणि मला म्हणतो, "ही खरी सुट्टी." मनात म्हटलं, बाबा रे, मंगळवारी तुझा नळ तुझी वाट बघत असणार आहे, म्हणून ही खरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवा बिघडली. बाहेर पडता येईना. तेव्हा मारितनं फळीवरच्या चोपड्या काढल्या. प्रत्येक ह्युत्त्यात अशी वही असते, आलेल्या प्रत्येकानं जाण्याआधी चार ओळी लिहायच्या. सगळ्यात जुनी वही तिच्या आजोबांच्या अक्षरातली, १९५२ च्या जुलैपासूनची. ती वाचून मला सांगत होती. "पाऊस. छताची एक बाजू झाली. मासे तीन. कॉफी संपली." दुसऱ्या दिवशी, "पाऊस. छताची दुसरी बाजू. मासे नाहीत." सगळी वही अशीच, हिशेबाच्या वहीसारखी. मी विचारलं, आजोबा काय करायचे? म्हणाली, कागदाच्या गिरणीत फिटर होते.

आप्पा, फिटर! पाळ्यांची नोकरी. भोंगा. हाताच्या रेषांत ग्रीस.

पाडलेल्या एका शेडची लाकडं त्यांनी विकत घेतली आणि आगगाडीनं खालच्या गावापर्यंत आणली. गाडी नव्हती. तेव्हा इथे मोटार घ्यायला सरकारी परवाना लागायचा आणि तो सामान्य माणसाला मिळायचा नाही. १९६० पर्यंत असंच होतं. स्टेशनापासून घोड्यावर, आणि वर शेवटी स्वतःच्या खांद्यावर. तीन उन्हाळे लागले.

मला कळेना की गिरणीतल्या फिटरला उन्हाळ्यात सलग इतके दिवस डोंगरात राहायला मिळतातच कसे. तुम्हाला साखर कारखान्यात हंगाम संपल्यावरही ओव्हरहॉलिंग असायचं. मिल हाऊसचे रोलर खोललेले आणि तुम्ही आत. मारितलाही नीट सांगता आलं नाही, घरी आल्यावर मी शोधून वाचलं. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आपण सगळे काय समजतो? तेल सापडलं, पैसा आला, म्हणून हे लोक मजा करतात. मीसुद्धा तेच समजत होते. आता सालं बघा. आठ तासांचा दिवस कायद्यानं आला १९१९ ला. तीन आठवड्यांची पगारी रजा सगळ्या कामगारांना मिळाली १९४७ ला. दुसऱ्याच्या जंगलातून, माळावरून कुणालाही हिंडायचा हक्क कायद्यात लिहिला गेला १९५७ ला. आणि उत्तर समुद्रात मोठं तेल सापडलं १९६९ च्या अखेरीला. १९४७ ला हा देश जर्मनांच्या ताब्यातून सुटून दोन वर्षं झाली होती. उत्तरेकडची गावंच्या गावं जळून गेलेली, आणि साखर शिधापत्रिकेवर. साखर, आप्पा! त्या दिवसांत त्यांच्या युनियननं आणि सरकारनं ठरवलं की फिटरला तीन आठवडे सुट्टी पाहिजे. पैसा मागाहून आला.

आता ती रजेची गोष्ट सांगते. तुम्हाला कधी सांगितली नव्हती.

इथे येऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं, घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. पाच आठवडे रजा मिळते, मी म्हटलं एवढी करायची काय, दोन आठवडे विकून टाकू. ऑफिसात त्या खात्याच्या बाईंकडे गेले आणि विचारलं की रजा विकायची असेल तर अर्ज कुठला. तिला प्रश्नच कळला नाही. मी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "विकता येत नाही. कायद्यातली रजा पैशात बदलून देता येत नाही. तू घेतली पाहिजेस, आणि तू घेतेस की नाही हे बघायची जबाबदारी आमची आहे." वर म्हणाली, "सुट्टीत आजारी पडलीस तर डॉक्टरची चिठ्ठी आण, ते दिवस परत मिळतील." आणि जूनमध्ये सुट्टीचे म्हणून वेगळे पैसे येतात, आदल्या वर्षीच्या कमाईच्या दहा-बारा टक्के. का, तर सुट्टी आहे पण हातात दमडी नाही असं होऊ नये. साठी उलटली की आणखी एक आठवडा जादा.

मी हसत परत आले आणि जागेवर बसल्यावर मला तुम्ही आठवलात.

आपल्या कायद्यानं वीस दिवस भरले की एक दिवस पगारी रजा. तुम्ही ती एक-एक करून साठवायचात. डोकं तापलेलं असलं तरी पाळीला जायचात. आईची आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी हजर. आम्हाला वाटायचं आप्पांना कारखाना आवडतो. मग माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायची वेळ आली आणि तुम्ही म्हणालात, "काळजी करू नको, रजा विकली." किती सहज म्हणालात. जशी दोन पोती शेंग विकली. दादाच्या लग्नाला पुन्हा विकली. मी त्या रजेवर शिकले आणि इथे येऊन बसले, जिथे ती विकणं बेकायदा आहे. काय म्हणावं मला कळत नाही, म्हणून तसंच लिहून ठेवते.

तुम्ही युनियनच्या सभेत नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घ्यायचात ना, ज्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली? १८८४ ला मागणी सुरू झाली आणि १० जून १८९० ला मालकांनी मानली. त्यांचा मुद्दा तुम्हीच सांगायचात, की रविवार हा खंडोबाचा वार. लहानपणी मला ते नुसतं गंमतीदार वाटायचं. आता वाटतं, तो माणूस आपली माणसं ओळखून होता. आपल्याकडे नुसता रिकामा वेळ मागितला तर मालक देत नाही आणि घरची माणसंही देत नाहीत. कारण लागतं. जत्रा, लग्न, मयत, वारी. तुमचे भजनाचे गुरुवार आठवा. बसायचं असायचं मित्रांशेजारी, पण हातात टाळ पाहिजेत. आणि आई, तू तर कधी रिकामी बसलेली मला आठवतच नाहीस. दुपारी वाड्यातल्या सगळ्या बायका जमायच्या, हशा-खिदळणं चालायचं, पण मांडीवर शेंगांचं सूप असायचंच. चैत्रात कुरडया, नाहीतर गोधडी. गप्पा मारायला हात कामाला लावावे लागायचे, नाहीतर म्हातारी आजी ओसरीवरून विचारायची, "आज कामं सरली वाटतं?"

हे मी इथल्यांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं. पण त्यांनाही कारण लागतंच, फक्त वेगळं. इथे पायांनी सुट्टी कमवावी लागते.

सोमवारी जेवणाच्या टेबलावर, म्हणजे साडेअकराला, सगळे आपापले पावाचे तुकडे उघडतात, दोन तुकड्यांमध्ये कागद घातलेला. आणि प्रश्न येतो, शनिवार-रविवारी काय केलंस? बरोबर उत्तर एकच. बाहेर गेले होते, जंगलात, अमुक इतके किलोमीटर. ऊन पडलं असताना घरात बसले होते असं म्हटलं की लोकांना वाटतं बाईची तब्येत बरी नाही. खराब हवा नावाची गोष्टच नसते, कपडे खराब असतात, अशी त्यांची म्हण आहे आणि ती ते गंभीरपणे म्हणतात. पहिली दोन वर्षं मी खोटं बोलत होते. रविवारभर झोपून, पोहे खाऊन, आईशी तासभर फोनवर बोलून, सोमवारी सांगायचे की सोंगस्वान्नच्या तळ्याला फेरी मारून आले.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक एरिट्रियन बाई येते. माझी तिच्याशी गट्टी आहे. मला एकदा तिनं घरी बोलावलं. कॉफीचे हिरवे दाणे समोरच शेगडीवर भाजले, धूर हातानं सगळ्यांकडे ढकलला, कुटले, मातीच्या सुरईत उकळले आणि तीन फेऱ्या पाजल्या. पहिली दाट, दुसरी हलकी, तिसरी निरोपाची. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. अडीच तास गेले आणि काही केलं नाही, नुसती माणसं बोलत होती. मला गावी आल्यासारखं झालं. पण हे सोमवारच्या टेबलावर सांगितलं तर ते सुट्टी घालवण्यात मोडत नाही, पाहुणचारात मोडतं. तिच्या मुलाला शाळेच्या स्की-दिवसाच्या दिवशी हमखास पोटात दुखतं. फुकट स्की मिळतात हे तिला मी सांगितलं. ती म्हणाली, स्की मिळतील गं, पण त्याच्याबरोबर रविवारी जाणारा बाप कुठून आणू, तो रविवारी टॅक्सी चालवतो.

श्रीमंतीचं म्हणाल तर ती इथे लपवायची असते. आपल्याकडे साखरसम्राटाच्या पोराच्या लग्नात किती हजारांच्या पंगती उठल्या हे पाच गावांत कळलं पाहिजे. इथे ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याचा स्वेटर जास्त उसवलेला. १९७३ ला जगभर तेलाची टंचाई झाली, तेव्हा इथे शनिवार-रविवारी मोटारी चालवायला बंदी होती. इथला राजा, ओलाव्ह पाचवा, स्की घेऊन सरळ लोकांच्या गाडीनं डोंगरावर निघाला. कंडक्टरपुढे तिकिटाचे पैसे धरतोय, असा त्याचा फोटो आहे. इथल्या कुणालाही विचारा, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मीही त्याच रुळावरून रविवारी जाते. भुयारी रेल्वेचा एक नंबरचा मार्ग, शेवटचं स्टेशन फ्रोग्नर्सेतेरेन, डब्यात सगळे स्की छातीशी धरून उभे. कोण मंत्री आणि कोण मास्तर हे कपड्यांवरून ओळखू येत नाही.

पण यालाही मी पुरती भुलले नाही. उसवलेला स्वेटर घालून जिथे जायचं ती तळ्याकाठची जागा आज कोटींत जाते. समुद्राकाठी शंभर मीटरच्या आत बांधायचं नाही असा नियम असून ओस्लोच्या खाडीला लोकांनी कुंपणं घातलीत, खासगीच्या पाट्या लावल्यात. आणि नवी ह्युत्ती तर विचारूच नका. डोंगराच्या उतारावर शंभर-दोनशे घरांची वसाहत, गरम पाण्याचा हौद अंगणात, गाडी चार्ज करायची सोय, वायफाय. मारितच्या खिडकीतून समोरच्या डोंगरावर ते दिवे दिसतात. तिचा नवरा पडदा ओढून घेतो. आणि हेच सगळे लोक सुट्टीच्या तोंडावर स्वस्त मटण आणायला सीमा ओलांडून स्वीडनला जातात. राजाचा फोटो एकीकडे, डिकीत दहा किलो डुकराचं मांस एकीकडे. त्या खरेदीला हसण्यासाठी यांच्याकडे खास शब्दही आहे.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. मारितच्या भावाला ह्युत्त्यात वीज आणि नळ हवाय, मारितला नको. आजोबांनी घर दोघांच्या बापाला ठेवलं, बापानं दोघांना. तेव्हापासून ईस्टर वाटून घेतलाय, सम साल मारितचं, विषम साल भावाचं. सरपणाची मोळी कुणी किती वापरली यावरून गेल्या वर्षी दोघं दोन महिने बोलत नव्हते. मी म्हटलं, आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात आणि त्यासाठी वेगळा वकील असतो. ती हसली नाही. इथेही असतो.

ते हिंडण्याच्या हक्काचं मात्र खरंच चांगलं आहे. पिकातून आणि कुणाच्या अंगणातून जायचं नाही, पण मोकळ्या रानातून कुणीही जावं, घरापासून दीडशे मीटर लांब तंबू ठोकावा, दोन रात्री राहावं, बोरं तोडावीत, मालकाला विचारायचंही नाही. आपल्या वरच्या मळ्याच्या पाणंदीवरून तुम्ही आणि तात्या बावीस वर्षं कोर्टात आहात, म्हणून सांगितलं.

आणि एक. शनिवारी आभाळ उघडलं. सकाळी आम्ही नऊ किलोमीटर जाऊन आलो, मी तीनदाच पडले. परत आल्यावर मारितनं घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून बर्फात खड्डा केला, त्यावर कातडं टाकलं, आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलो. तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले. संत्री सोलली. कुणी बोलेना. या बसण्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, सोल्व्हेग्गन, म्हणजे उन्हाची भिंत. तासभर झाला, दीड तास झाला. मी डोळे उघडून बघितलं तर चार शिकलीसवरलेली माणसं भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, पारावरच्या तुमच्या मंडळींसारखी डुलक्या घेत होती. तात्यांचीच टोपी तेवढी कमी.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "आज कमावलं आपण." मी मान हलवली. पण आप्पा, तुम्ही तर न कमावताच बसता. निवृत्त झाल्यापासून रोज चारला धोतर सावरून निघता, आणि आई कधीमधी बोलते की नुसतं बसायला जातात. तिला सांगा, नॉर्वेत यासाठी नऊ किलोमीटर चालावं लागतं.

आई, तुला एक राहिलं सांगायचं. पाच दिवसांत मारितनं चुलीपुढे जेमतेम दोनदा पाऊल ठेवलं. स्वयंपाक, भांडी, लहान पोराचं सगळं डॉक्टरानं आणि त्याच्या मेव्हण्यानं केलं. ती आणि मी वाचत पडलो. तिचे हात मात्र विणत होते. ऑफिसच्या मीटिंगमध्येही इथे बायका विणतात आणि साहेब काही म्हणत नाही. मी तुझी गोधडी नेली होती पांघरायला, निळ्या पातळाची. मारितनं तिचे टाके दहा मिनिटं बोटांनी चाचपून बघितले आणि विचारलं, "हिला किती सुट्ट्या लागल्या?" मला उत्तर आलं नाही. तूच सांग, मी कळवते.

माझी यंदाची तीन आठवड्यांची रजा आहे जुलैत. इथे जुलैत सगळा देशच बंद असतो, त्यामुळे मागावी लागली नाही. तिकीट काढलंय, ११ तारखेला पोहोचते. भर पावसात येतेय हे मला माहीत आहे. कुठलाही कार्यक्रम ठरवू नका. आत्याकडे, मामाकडे, शिर्डी, नरसोबाची वाडी, काही नको. विचारलं कुणी तर सांगा, पोरीची तब्येत बरी नाही.

येताना काय आणू ते कळवा. तपकिरी चीज आणत नाही. मागच्या वेळचं मांजरानंसुद्धा हुंगून सोडलं होतं.

तुमची,
शुभा

ता. क. – आप्पा, कारखान्याचं रजेचं जुनं कार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. टाकून दिलं नसलंत तर पिंट्याला सांगून दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. किती दिवस होते ते मला मोजायचंय.